क्वार्टरचा हिशोब कोण विचारणार?

आमच्याकडे धुणं-भांडी करायला येतात त्या मावशींचा नवरा पितो. यात नवीन काही नाही, चंद्रपुरात कुणालाही सांगा, मान हलवून पुढच्या विषयाकडे जाईल. जून २०२५ मध्ये सरकारने दारूवरचं शुल्क वाढवलं, पेपरात मोठ्या हेडलाईन आल्या, त्यानंतर काही महिन्यांनी मी सहज मावशींना म्हटलं, काय हो, इंग्लिशची क्वार्टर आता दोनशे पाचला झाली, घरी काही फरक पडला की नाही? त्यांनी हातातलं पातेलं खाली न ठेवताच माझ्याकडे पाहिलं. "कायचा फरक भाऊ. थो देशीवर आला ना आता. आधी इंग्लिशची एक आणे, आता देशीच्या दोन आणते. पैसे तेवढेच जाते, तमाशा मात्र डबल झाला."

मी बँकेत आयुष्य काढलेला माणूस, आकडा ऐकला की हात शिवशिवतात. संध्याकाळी कागद-पेन घेऊन बसलो. (बाटल्या गल्लीतल्या भंगारवाल्याकडून आणल्या, रिकाम्या, उगाच गैरसमज नको.) देशीच्या बाटलीवर लिहिलंय ४२.८ टक्के अल्कोहोल. विदेशी म्हणजे आपण ज्याला इंग्लिश म्हणतो त्या व्हिस्कीच्या बाटलीवर पण ४२.८ टक्केच. बाटली १८० मिलीची, म्हणजे दोन्हीत शुद्ध अल्कोहोल साधारण ७७ मिली. आता सरकारने त्याच निर्णयात १८० मिलीची किमान किरकोळ किंमत ठरवून दिली ती बघा: देशी ८० रुपये, महाराष्ट्र मेड लिकर नावाचा जो नवा धान्यापासूनचा प्रकार काढला तो १४८, विदेशी २०५ आणि प्रीमियम विदेशी ३६०. म्हणजे दर दहा मिली शुद्ध अल्कोहोलला देशीत पडतात साडेदहा रुपयांच्या आत, नव्या प्रकारात एकोणीस, विदेशीत साडेसव्वीस आणि प्रीमियममध्ये जवळपास सत्तेचाळीस. माल तोच, नुसतं लेबल वेगळं, आणि लिव्हरला काही लेबल वाचता येत नाही. मावशींच्या नवऱ्याने अर्थशास्त्र न शिकता हा हिशोब माझ्याआधी केला होता आणि दुप्पट अल्कोहोल घरी आणायला लागला होता.

आता कुणी म्हणेल, मग देशी पण महाग करा. इतकं सोपं नाही ते. देशी फार महाग केली तर माणूस हातभट्टीवर जातो, आणि हातभट्टी काय करते ते २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला दिसलं, विषारी दारूने शंभराच्या वर माणसं गेली. त्यामुळे देशी स्वस्त ठेवायला एक कारण आहे आणि ते खोटं कारण नाही. पण माझा मुद्दा वेगळाच आहे. हा सगळा विचार, की विदेशी महाग केल्यावर किती लोक देशीवर येतील, किती सोडतील, किती हातभट्टीवर जातील, हा कुणी कुठे बसून केला का? केला असेल तर कुणासमोर केला? १० जून २०२५ ला मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि निर्णय झाला. त्याआधी सचिवांच्या एका गटाने दुसऱ्या राज्यांची धोरणं अभ्यासली एवढं आपल्याला सांगितलं. आणि उद्दिष्ट काय सांगितलं? वर्षाला १४,००० कोटींचा जास्तीचा महसूल. बस. मृत्यू किती कमी होतील, ॲडमिशन किती कमी होतील, बायकांना मारहाण कमी होईल का, याचा एकही आकडा लक्ष्य म्हणून कुठे नव्हता. त्या वेळी अर्थखातं आणि उत्पादन शुल्क खातं दोन्ही एकाच मंत्र्याकडे होतं, त्यामुळे प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा पण एकच.

नीट बघा, १४,००० कोटी हे ज्या धोरणाचं यश आहे ते धोरण लोकांनी दारू कमी केली तर फसतं. सरकारी फाईलीत दारू कमी झाली हे नुकसान म्हणून लिहिलं जाणार.

हे मी स्कॉटलंडचं प्रकरण वाचत बसलो म्हणून जास्त डोक्यात गेलं. स्कॉटलंड, म्हणजे जिथून स्कॉच येते तिथलीच गोष्ट. त्यांच्याकडे दारूने मरणाऱ्यांचं प्रमाण फार, आणि सुपरमार्केटात स्वस्त व्होडका नि सायडर पाण्याच्या भावात मिळायची. तिथल्या सरकारने ठरवलं की दारूची किमान किंमत लावायची, पण बाटलीवर नाही, प्रकारावर नाही, आतल्या अल्कोहोलवर. त्यांचं एक युनिट म्हणजे दहा मिली शुद्ध अल्कोहोल, आणि एका युनिटला इतके पेन्स, त्याखाली कुणी विकायचंच नाही, मग ती बिअर असो, वाईन असो की व्हिस्की. आधी ५० पेन्स होते, ३० सप्टेंबर २०२४ पासून ६५ झाले. आपली क्वार्टर तिथे नेली तर देशी असो की इंग्लिश, पाच पौंडाच्या खाली विकता येणार नाही. एकच भाव. लेबलाला इज्जत नाही.

पण किंमत कशी ठरवली यापेक्षा मला भारी वाटलं ते, ती ठरवेपर्यंत तिथल्या सरकारला किती वेळा वर्गात उभं राहावं लागलं. पहिल्यांदा नोव्हेंबर २००९ मध्ये विधेयक आणलं तेव्हा सरकार अल्पमतात होतं, आरोग्य आणि क्रीडा समितीत चर्चा झाली, साक्षी झाल्या आणि शेवटी २०१० मध्ये सभागृहाने किमान किंमतीचं कलमच उडवून टाकलं. निकोला स्टर्जन तेव्हा आरोग्यमंत्री होत्या. २०११ ला बहुमत मिळालं, पुन्हा विधेयक, पुन्हा समिती. आपल्याकडे बहुमत असलं की समिती कशाला असं म्हणतात, तिथे बहुमत असूनही डॉक्टर, पोलिस, शेफील्ड विद्यापीठाचे मॉडेल करणारे संशोधक, व्हिस्कीवाले, बिअरवाले सगळे येऊन बोलून गेले. मजा म्हणजे उद्योगातही फूट होती, टेनंट्स ही तिथली मोठी बिअर कंपनी किमान किंमतीच्या बाजूने होती आणि स्कॉच व्हिस्की असोसिएशन विरोधात. मे २०१२ मध्ये ८६ विरुद्ध १ मतांनी कायदा झाला, ३२ जण तटस्थ राहिले. मग व्हिस्कीवाले कोर्टात गेले, एडिंबराहून लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत आणि तिथून परत, शेवटी नोव्हेंबर २०१७ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने कायदा उचलून धरला आणि १ मे २०१८ ला तो लागू झाला. सहा वर्षं गेली. तेवढी वर्षं माणसं मेलीच असणार, हा त्या पद्धतीचा तोटा आहे आणि तो मी लपवत नाही.

खरी गंमत कायद्याच्या पोटात होती. त्यात लिहूनच ठेवलं होतं की लागू झाल्यापासून सहा वर्षांनी हे कलम आपोआप मरेल, सभागृहाने पुन्हा मत देऊन जिवंत ठेवलं तरच राहील. आणि पाच वर्षांनी सरकारने त्याचा परिणाम काय झाला याचा अहवाल सभागृहात ठेवायचाच. म्हणजे धोरण जन्माला आलं तेव्हाच त्याच्या गळ्यात एक्स्पायरी डेट बांधलेली. त्यामुळे काय झालं, मोजायचं काम पहिल्या दिवसापासून सुरू झालं, कारण सगळ्यांना माहीत होतं की २०२४ ला परीक्षा आहे. दुकानातली विक्री मोजली, मृत्यू मोजले, हॉस्पिटलं मोजली, सीमेवरच्या गावातले लोक इंग्लंडात जाऊन स्वस्त दारू आणतात का तेही बघितलं. आणि तुलनेला शेजारी इंग्लंड होतंच, जिथे अशी किंमत नव्हती.

२०२३ मध्ये पब्लिक हेल्थ स्कॉटलंडने शेवटचा अहवाल दिला. निव्वळ दारूने होणारे मृत्यू, हे धोरण नसतं तर जितके झाले असते त्यापेक्षा १३.४ टक्के कमी झाले असा अंदाज. विक्री तीन टक्के कमी. हॉस्पिटल ॲडमिशन ४.१ टक्के कमी असावीत, पण तिथे खात्री कमी. आणि त्याच अहवालात हे पण की ज्यांना दारूचं पक्कं व्यसन आहे त्यांच्यावर फारसा परिणाम दिसला नाही, त्यातल्या काहींनी उलट जेवणाचे पैसे कापून दारूत घातले. स्वतःच्या सरकारच्या लाडक्या धोरणाबद्दल सरकारी संस्थेने हे लिहिलं. मी ते वाक्य दोनदा वाचलं आणि मला आमच्या मावशी आठवल्या, कारण त्यांच्या घरीही कापलं जातं ते तेल-डाळीतूनच.

त्यावर विरोधक गप्प बसले का, अजिबात नाही. त्यांनी विचारलं की बाबा, मृत्यू कमी झाले म्हणता तर मग प्रत्यक्ष आकडा वाढतोय कसा? २०१९ ला १,०२० होते, २०२२ ला १,२७६ झाले, २०२३ ला १,२७७. प्रश्न चुकीचा नाही. उत्तर असं की मध्ये कोविड आला, सगळीकडे वाढले, इंग्लंडातही वाढले, आणि तुलना कालच्याशी नाही तर "नसतं तर काय झालं असतं" याच्याशी करायची असते. हे उत्तर पटायला जड जातं, मला पण पहिल्यांदा हातचलाखीच वाटली, पण पटो न पटो, प्रश्न आणि उत्तर दोन्ही एका खोलीत, कॅमेऱ्यासमोर, शब्दन् शब्द नोंदवून झाले. कुणीही घरी बसून वाचू शकतो. मी वाचलेच की, चंद्रपुरात बसून.

२०२४ च्या सुरुवातीला त्या आरोग्य समितीत जे सदस्य होते त्यात एक नाव वाचून मी चमकलो, संदेश गुल्हाने. आडनाव वाचून आपल्या अमरावतीकडच्या माणसाचे कान टवकारणारच. ग्लासगोचे, कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे, आणि धोरणाच्या विरोधातले. पेशाने डॉक्टर, तेव्हाही प्रॅक्टिस करणारे, त्यामुळे समितीत बोलायच्या आधी ते दर वेळी सांगून ठेवायचे की मी सरकारी आरोग्यसेवेत जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, म्हणून काम करतो. का, तर ज्या विषयावर बोलतोय त्यात माझा संबंध आहे हे ऐकणाऱ्याला माहीत असावं. डॉक्टर असणं ही काही लाजेची गोष्ट आहे का? तरी सांगायचं. आता हे आपल्या विधानभवनात करून बघा. राज्यात कितीतरी साखर कारखान्यांना जोडून डिस्टिलऱ्या आहेत, मळीपासून स्पिरिट तिथेच निघतं, आणि कारखान्यांच्या संचालक मंडळांवर कोण बसलेलं असतं हे मी सांगायची गरज नाही. दारूच्या प्रश्नावर बोलायच्या आधी सगळ्यांनी आपापला संबंध सांगायचा ठरवलं तर लक्षवेधीचा अर्धा वेळ त्यातच जाईल.

शेवटी १७ एप्रिल २०२४ ला मतदान झालं, गुल्हानेंचा पक्ष विरोधात गेला, धोरण टिकलं आणि ५० चे ६५ पेन्स झाले. कारण महागाईने ५० पेन्सला काही अर्थ उरला नव्हता हेही त्याच चर्चेत पुढे आलं. आपल्या ८० रुपयांचं काय होणार ते बघा, तीन-चार वर्षांत त्या ८० ला कुणी विचारणार नाही आणि तो वाढवायची कुठली तारीख ठरलेलीच नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करायला पाहिजे. स्कॉटलंडमध्ये किंमत वाढल्याचा जास्तीचा पैसा सरकारला जात नाही, तो दुकानदाराच्या गल्ल्यात जातो, कारण तो कर नाहीच. त्यावरून तिथे भांडण आहे, त्या फायद्यावर लेव्ही लावून उपचाराला पैसे द्या अशी मागणी आहे. आपल्याकडे पैसा तिजोरीत येतो, म्हणजे तत्त्वतः आपलं मॉडेल बरं, त्यातून व्यसनमुक्ती केंद्रं काढता येतील. पण तिजोरीत गेलेल्या रुपयावर कुठून आला हे लिहिलेलं नसतं, आणि तिजोरीला एकदा सवय लागली की ती पण सोडत नाही.

आता आपल्याकडे ये रे माझ्या मागल्या. आपला मूळ कायदा १९४९ चा, त्याचं नाव दारूबंदी कायदा. दारू विकायची परवानगी दारूबंदी कायद्याखाली मिळते! आणि तो राबवणाऱ्या खात्याचं नाव राज्य उत्पादन शुल्क. कायदा म्हणतो बंदी, खातं म्हणतं वसुली. प्यायला परवाना लागतो हे किती जणांना माहीत आहे, एका दिवसाचा देशीला दोन रुपये, विदेशीला पाच, वर्षाचा शंभर, आयुष्यभराचा हजार. म्हणून तर बारला परमिट रूम म्हणतात. मी उभ्या आयुष्यात कुणाला परमिट विचारलेलं पाहिलं नाही, आणि "वाईन शॉप"मध्ये वाईन घेताना पण कुणाला फारसं पाहिलं नाही. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात दारूबंदीचा प्रयत्न करा असं सांगितलंय, २०११ मध्ये राज्याने व्यसनमुक्ती धोरण काढलं ते सामाजिक न्याय खात्याकडे, उपचार आरोग्य खात्याकडे, मारहाणीची तक्रार पोलिसांकडे, पैसे उत्पादन शुल्ककडे. ही चार-पाच खाती एका टेबलावर आणून कोण बसवणार? मंत्रिमंडळात सगळे एका सरकारचे, तिथे कुणी कुणाला अडचणीत आणत नाही. ते काम सभागृहाच्या समितीचं.

आणि तीच तर आपल्याकडे नाही. संसदेत १९९३ पासून खात्यानुसार स्थायी समित्या आहेत, केरळच्या विधानसभेत विषय समित्या १९८० पासून. आपल्या विधिमंडळात लोकलेखा आहे, अंदाज समिती आहे, महिला-बालकांच्या हक्कांची समिती आहे, पण उत्पादन शुल्क किंवा आरोग्य खात्याचं धोरण घेऊन बसेल अशी खात्याची समिती नाही. अर्थसंकल्पात कितीतरी खात्यांच्या मागण्या चर्चेविना मंजूर होऊन जातात. बरं, जमत नाही असंही नाही. महिलांवरच्या अत्याचारांसाठीचं शक्ती विधेयक डिसेंबर २०२० मध्ये मांडलं तेव्हा दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलंच होतं, वर्षभर काम झालं, बदल झाले, मग मंजूर झालं. मनात आलं की करता येतं.

लोकलेखा समितीचंच उदाहरण घ्या. आपल्याकडे तिच्यापुढे दारूचा विषय आला तर तो बहुतेक शुल्क किती बुडालं या अंगाने येतो. ब्रिटनच्या लोकलेखा समितीने, म्हणजे नाव आणि काम तेच, २०२३ मध्ये विचारलं की इंग्लंडमध्ये दारूवर अवलंबून असलेले अंदाजे सहा लाख लोक आहेत, त्यातले ८२ टक्के उपचारातच नाहीत, हे कसं? असा प्रश्न आपल्या समितीला विचारायला कुठला नियम आडवा येतो? चंद्रपूर जिल्ह्यात किती लोकांना उपचाराची गरज आहे आणि किती बेड आहेत, एवढं विचारलं तरी खूप झालं.

चंद्रपूरचा विषय निघाला तर थोडं थांबतो, कारण हे मी उघड्या डोळ्यांनी पाहिलंय. श्रमिक एल्गार संघटनेच्या पारोमिता गोस्वामींच्या पुढाकारात बाया २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूर अधिवेशनावर पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ ला जिल्ह्यात बंदी लागली. तेव्हाचे पालकमंत्री सुधीर मुनगंटीवारांनी ती आणली. शेजारी गडचिरोली १९९३ पासून बंद, वर्धा १९७५ पासून बंद, आणि तिकडे यवतमाळ, नागपूर चालू. पहिले काही महिने खरंच शांत गेले, बसस्टँडमागचा बार बंद झाला तिथे झेरॉक्सचं दुकान आलं. मग हळूहळू स्कूटीवरून क्वार्टर घरपोच यायला लागली, दुप्पट भावात, आणि ती आणून देणारा पोरगा दहावीतला, पाठीवर शाळेची बॅग. त्या बॅगेत आधी वह्या असायच्या हे मला माहीत होतं कारण पोरगा आमच्याच गल्लीतला. मग सरकार बदललं, विजय वडेट्टीवार पालकमंत्री झाले, निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांची समिती नेमली, तिचा अहवाल मार्च २०२१ मध्ये आला आणि २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळाने बंदी उठवली. कारणं दिली अवैध दारू, वाढलेली गुन्हेगारी, बाया नि पोरं त्या धंद्यात ओढली गेली. ती कारणं खोटी नव्हती, तो पोरगा मी पाहिलाच आहे. पण बंदी लागल्यावर किती घरांत मार थांबला होता, किती जणांचं लिव्हर वाचलं होतं, ते पारड्यात कुणी टाकलं? बंदी लावणाऱ्याने लावतानाच मोजायची व्यवस्था केली नाही आणि उठवणाऱ्याला मोजायची गरज वाटली नाही.

एक जिल्हा चालू, मग सहा वर्षं बंद, मग परत चालू, एका बाजूला जुने बंद जिल्हे, दुसऱ्या बाजूला कायम चालू जिल्हे. स्कॉटलंडवाल्यांना तुलनेला एकटं इंग्लंड होतं, आपल्याकडे अख्खी प्रयोगशाळा अंगणात पडलेली होती. गडचिरोलीत सर्च ही संस्था आणि मुक्तिपथ ही दारू-तंबाखूविरोधी मोहीम यांनी आपापल्या परीने पाहण्या केल्या, पण विधानसभेने कुणाला बोलावून विचारलं नाही की या, बसा, सांगा काय झालं ते. एका पालकमंत्र्याने लावली, दुसऱ्याने काढली, आणि आम्ही मधल्या मधे.

वाईनचं पण तसंच. जानेवारी २०२२ मध्ये एक हजार स्क्वेअर फुटांच्या वरच्या सुपरमार्केटात वाईन विकायला मंत्रिमंडळाने परवानगी दिली. सरकार म्हणे द्राक्ष शेतकऱ्याचा फायदा, विरोधक म्हणे महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र करताय, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, वाईन म्हणजे दारू नव्हे यावर टीव्हीवर आठवडाभर पतंगबाजी झाली आणि मग हरकती मागवून विषय गुंडाळला. शेतकऱ्याच्या हातात किलोमागे किती पैसे जास्त पडले असते हे आजही मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. त्याच्या दोनच महिने आधी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, आयात स्कॉचवरचं शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० वर आणलं. हिशोब काय, तर विक्री एक लाख बाटल्यांवरून अडीच लाखांवर जाईल आणि महसूल शंभर कोटींचा अडीचशे होईल. स्कॉचच्या गावात दारू महाग करण्यासाठी चौदा वर्षं घासाघीस आणि आपल्याकडे त्याच स्कॉचला एका बैठकीत निम्मा कर माफ. यावर हसावं की काय ते कळत नाही.

लोकांना विचारायची आपल्याकडे एकच जागा आहे, ती म्हणजे आडवी बाटली. गावातल्या पंचवीस टक्के बायांनी सह्या करायच्या, मग मतदान, आणि नुसतं झालेल्या मतांचं बहुमत नाही तर यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. आमदार निवडून यायला यादीतल्या निम्म्यांची मतं लागत नाहीत, दुकान बंद करायला लागतात. शिवाय एक गाव बंद करून पुढच्या नाक्यावरचं चालूच राहतं. बायांवर एवढा भार टाकायचा आणि मुंबईत बसलेल्यांनी बैठकीत अर्ध्या तासात राज्याचं धोरण ठरवायचं.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. समिती म्हणजे चहा-बिस्कीट, अभ्यासदौरे, आणि अहवाल कपाटात. आमदार पक्षाच्या बाहेर जाऊन बोलत नाहीत. बारवाल्यांची संघटना दार उघडायच्या आधी आत जाऊन बसेल. जाऊ दे ना आत, मी तर म्हणतो पहिली साक्ष त्यांचीच घ्या. १४ जुलै २०२५ ला बार बंद ठेवून रस्त्यावर आलेच होते ते, शुल्क, व्हॅट, लायसन फी तिन्ही एकदम वाढवल्याची तक्रार होती, त्यात तथ्यही असेल, पण ती तक्रार बंद केबिनमध्ये सांगण्यापेक्षा मायक्रोफोनसमोर सांगा, शेजारच्या खुर्चीत लिव्हरचा डॉक्टर बसलेला असू दे. समितीतला आमदार शूर नसला तरी चालेल, नोंद लिहिणारा स्टेनो शुद्धीत असला म्हणजे झालं. आणि पुढचा जीआर निघेल त्यात एकच ओळ वाढवा: हा निर्णय पाच वर्षांनी रद्द होईल, त्याआधी मृत्यू, उपचार, मारहाणीच्या केसेस आणि अवैध दारू यांचा अहवाल दोन्ही सभागृहांत येईल, तो बघून सभागृहाने ठेवायचं ठरवलं तरच राहील. किंमत बाटलीवर लावा की अल्कोहोलवर, बंदी ठेवा की काढा, यावर माझं स्वतःचं मतसुद्धा चंद्रपूरच्या सहा वर्षांत तीनदा बदललंय, त्यामुळे मी त्याबाबत छातीठोक काही सांगत नाही. मला फक्त मोजलेलं बघायचंय.

परवा मावशींना हे सगळं सोपं करून सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं तिकडे एका देशात बाहेरच्या माणसांना बोलावतात, विचारतात, ते लिहून घेतात. नागपूरला अधिवेशन असतं तेव्हा तुम्हाला बोलावलं, की या, एकच्या दोन क्वार्टर कशा झाल्या ते आमदारांना सांगा, तर जाल का? त्या जरा वेळ गप्प राहिल्या, नळ बंद केला, हात पदराला पुसले.

"जाईन ना. पण त्या दिवसाचा खाडा धरसान का भाऊ?"